पायरी रेडिओचं नवं कुलूप

ढुंढिराज गायधनी यांचं म्हणणं एवढंच आहे, की जे झालं त्यात त्यांचा काडीचा दोष नाही. हे ते आजही सांगतात. भाजीबाजारात सांगतात, बँकेच्या रांगेत सांगतात, आणि ऐकणाऱ्याने विचारलं नसलं तरी सांगतात. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क म्हणून ज्याचा जन्म गेला, त्याला दोष कुणाचा हे आधी ठरल्याशिवाय पुढचं काही सुचत नाही.

सुरुवात गणपतीच्या दिवसांत झाली. नाशिकच्या पंचवटीत, गोदावरीच्या काठी, एका तेलाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत 'पायरी रेडिओ' चालतो. गावातल्या लोकांनी गावासाठी चालवलेलं छोटं केंद्र. मनोरा गच्चीवर, आवाज जेमतेम शहरापुरता, त्यापलीकडच्यांनी मोबाइलवर ऐकायचं. ढुंढिराज या केंद्राचे मानद सचिव. मानद म्हणजे पगार नाही आणि बोलणी मात्र सगळी. त्या संध्याकाळी केंद्राचे अध्यक्ष वैद्यनाथशास्त्री यांचं 'संयम' या विषयावरचं आधी रेकॉर्ड केलेलं प्रवचन लागलं होतं. "इंद्रियांचे घोडे आवरले नाहीत तर..." इथवर शास्त्रीबुवा आले आणि घोडे सुटलेच. प्रवचन मध्येच तुटलं आणि एक भोजपुरी गाणं सुरू झालं. त्यात एक बाई आपला घागरा कुणी ओढला याची चौकशी करत होती, आणि ती चौकशी काही केल्या संपत नव्हती. केंद्रात तेव्हा कुणीच नव्हतं. दाराला बाहेरून कुलूप होतं. कुणीतरी लांबून, दुसरीकडेच कुठेतरी बसून, केंद्राच्या कॉम्प्युटरमध्ये शिरलं होतं. शास्त्रीबुवांच्या एका यजमानाने फोन करून विचारलं, "गुरुजी, हे पण संयमातच येतं का?"

दुसऱ्या दिवशी तातडीची सभा झाली. केंद्र सांभाळणारी दीपमाला म्हणाली, "लॉकडाउनमध्ये घरून काम करता यावं म्हणून आपण बाहेरून कॉम्प्युटर उघडायची सोय केली होती. ती तशीच राहिली. पासवर्ड सगळ्यांचा एकच आहे."

"काय आहे पासवर्ड?" शास्त्रीबुवांनी विचारलं.

"पायरी एकशे आठ," चहा घेऊन आलेला चहावाला म्हणाला, आणि कप ठेवून निघून गेला.

सभेतल्या सगळ्यांनी आपापले कप उचलले. मग शास्त्रीबुवांचा भाचा शौनक बोलू लागला. तो पुण्याच्या कंपनीत नेटवर्कचं काम करतो आणि सणाला नाशिकला आला होता. त्याने सांगितलं, की आता व्हीपीएन बसवायचं. बाहेरून आत यायला एकच बंद बोगदा, बोगद्याच्या तोंडाशी राखणदार, प्रत्येकाचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा, आणि शिवाय मोबाइलवर परवानगी. "पण काका," तो ढुंढिराजांकडे बघून म्हणाला, "तुम्ही नका यात पडू. फार टेक्निकल आहे."

हे वाक्य त्याने उच्चारलं नसतं तर पुढचं काहीच झालं नसतं. म्हणजे दोष कुणाचा, ते आलं लक्षात.

"मी धरणाच्या दरवाज्यांच्या फाइली सांभाळल्या आहेत," ढुंढिराज म्हणाले. "मी पाणी अडवलंय शौनक. हे तर वारं!" आणि सगळी जबाबदारी त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतली.

पण त्यांनी ती केवळ अपमानापोटी घेतली, असं नाही. त्यांच्या पत्नी उत्तराबाई या केंद्रावर 'चहा टाकलाय' नावाचा कार्यक्रम करायच्या. सकाळी साडेसहाला. वरणाला वास लागू नये म्हणून काय करावं इथपासून सुरुवात व्हायची आणि गाडी हमखास 'आमच्याकडचे' या विषयावर यायची. आमच्याकडच्यांनी लोणच्याच्या बरणीचं झाकण आजवर घट्ट लावलेलं नाही. आमच्याकडचे पंखा बंद करायला दुसऱ्याला हाक मारतात. आमच्याकडचे आणि आमच्याकडचे. अख्ख्या पंचवटीत आमच्याकडचे म्हणजे कोण हे ठाऊक होतं. ढुंढिराजांना रिक्षावाला विचारायचा, "काका, झाकण लावलं का?" निषेध म्हणून त्यांनी तो कार्यक्रम कधीही ऐकला नाही. त्या वेळी ते न्हाणीघरात असत. दार जरा उघडं ठेवून.

गेल्या वर्षी आषाढात उत्तराबाई गेल्या. पण कार्यक्रम थांबला नाही. जुनी रेकॉर्डिंगं शेकड्यांनी होती, त्यातलं एक रोज साडेसहाला लागायचंच. ढुंढिराज आता न्हाणीघरात जात नसत. ओट्याशी स्टूल घेऊन बसत आणि सबंध पाव तास स्वतःची बदनामी ऐकत. मग आंघोळ. केंद्राने ही आठवण ठेवली याबद्दल त्यांना दीपमालाचं कौतुक होतं, पण ते तिला कधी बोलून दाखवता आलं नाही. आणि आता त्याच कॉम्प्युटरमध्ये कुणी घागरेवाली शिरली होती. उद्या ती साडेसहाला शिरली तर? ढुंढिराजांना ते सहन होणार नव्हतं.

शेजारच्या दिनेशने लगेच सल्ला दिला. दिनेशचं इन्व्हर्टरचं दुकान आहे, त्यामुळे वायर असलेल्या कुठल्याही गोष्टीवर आपला हक्क आहे असं तो धरून चालतो. "बोगदा म्हणजे कसारा घाटासारखा का? मग दोन्ही बाजूंनी बंद करा ना. विषयच संपला."

"मग आपली माणसं आत कशी येणार?"

"आपली माणसं हीच तर भानगड असते काका. मी सांगतो, चोर कायम आतलाच असतो."

त्याची बायको योगिनी तेव्हा दारात कोथिंबीर निवडत होती. तिने काड्यांबरोबर चांगली पानंही कचऱ्यात टाकली.

पहिली अडचण इंटरनेट कंपनीत आली. बोगद्यासाठी केंद्राला इंटरनेटवरचा एक कायमचा पत्ता लागणार होता. तो देण्याआधी खिडकीतल्या माणसाने पत्त्याचा पुरावा मागितला. "अहो, पत्ताच तर मागायला आलोय," ढुंढिराज म्हणाले. केंद्राचं लाइटबिल तेलाच्या दुकानाच्या नावावर, दुकान मालकाच्या आजोबांच्या नावावर, आणि आजोबांना जाऊनही बरीच वर्षं झालेली. माणूस म्हणाला, "आजोबांची सही आणा." ढुंढिराजांनी त्या खिडकीत उभ्याउभ्या सरकारी नोकरीच्या सुवर्णकाळावर एक भाषण दिलं. त्या काळात आपणही लोकांकडे असल्याच सह्या मागत होतो, हे त्यांच्या अजिबात ध्यानात आलं नाही.

शेवटी आजोबांऐवजी नातवाच्या सहीवर पत्ता मिळाला, आणि बोगद्याची पेटी कुरियरने आली ती नेमकी पितृपक्षात.

"उघडायची नाही," शास्त्रीबुवा म्हणाले. "पक्षात नवी वस्तू घेत नाहीत."

"घेतलेली आहे शास्त्रीबुवा. आता फक्त उघडायची."

"तेच म्हणतोय मी."

शौनकची सुट्टी संपत आली होती. ढुंढिराजांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी खात्यातल्या अनुभवाला साजेसा मार्ग काढला. पेटी शौनकने कुणाला न सांगता आपल्या खोलीत दोन दिवस लावून पाहिली होती. म्हणजे ती वापरलेली झाली. वापरलेली म्हणजे जुनी. सभेने एकमताने ठराव केला, की सदर पेटी जुनी आहे. शास्त्रीबुवांनी स्वतः अनुमोदन दिलं. पुढे त्या पेटीची पिन जळाली तेव्हा दुकानदाराने विचारलं, "नवीच आहे ना?" आणि दीपमाला इमानदारीने म्हणाली, "नाही, जुनी आहे, ठरावच आहे तसा." गॅरंटी गेली. या प्रकारात दोष कुणाचा, हे ढुंढिराज अजून ठरवताहेत.

अष्टमीला काम संपत आलं. जो कुणी केंद्राचा कॉम्प्युटर वापरणार, त्याने स्वतः येऊन नवं नाव, नवा पासवर्ड घ्यायचा, आणि जो येणार नाही त्याचं नाव काढायचं, असा नियम ढुंढिराजांनीच केला होता. नियमाच्या शेवटी 'कोणतीही सबब चालणार नाही' हे वाक्यही त्यांचंच. नावं काढायचं बटण फक्त सचिवाच्या हातात ठेवलं होतं. शौनक बाजूला बसून एकेक नाव सांगत होता.

"आता इनॅक्टिव्ह लोक. म्हणजे जे वापरत नाहीत. ही उत्तरा गायधनी कोण?"

दीपमाला भिंतीकडे बघू लागली.

"माझी बायको," ढुंढिराज म्हणाले.

"अच्छा. मग काकूंना एकदा इथे येऊन..."

"ती वारली."

"सॉरी काका. मग तर काढायलाच हवं."

"मग तर म्हणजे काय?" ढुंढिराजांचा आवाज चढला. "आणि इनॅक्टिव्ह कुणाला म्हणतोस? अरे, ती रोज सकाळी साडेसहाला बोलते! तुझा मामा आठवड्यातून एकदा बोलतो, तेही संयमावर!"

शौनकने समजूत घातली. रेकॉर्डिंगच्या फाइली वेगळ्या, त्यांना धक्का लागणार नाही. फक्त त्या नावाने कुणाला आत शिरता येणार नाही. गेलेल्या माणसाचं नाव उघडं ठेवणं म्हणजे चोराला आमंत्रण. ढुंढिराजांनी त्याला पुन्हा पुन्हा विचारलं, मग मामाची शपथ घ्यायला लावली. पडद्यावर प्रश्न आला, हे नाव कायमचं काढायचं का?

रेशनकार्डावरून काढताना हेच विचारलं होतं. बँकेत विचारलं होतं. गॅसवाल्याने तर "कायमचं ना?" असं दोनदा विचारलं होतं, जणू काही ती माहेरी गेली असावी अशी त्याला शंका होती. दर ठिकाणी ढुंढिराजांनी हो म्हटलं होतं आणि दर ठिकाणी त्यांना त्या माणसाचा भयंकर राग आला होता. त्यांनी बटण दाबलं. शौनक त्याच रात्रीच्या गाडीने पुण्याला गेला.

दुसरा दिवस अविधवा नवमीचा. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईची ही तिथी. उत्तराबाईंच्या नावाने सवाष्ण जेवू घालायची म्हणून ढुंढिराजांनी योगिनीला सांगून ठेवलं होतं. सकाळी त्यांनी चहा टाकला, स्टूल ओढलं, रेडिओ लावला. साडेसहा झाले. केंद्राची धून वाजली. "पायरी रेडिओ, तुमच्या पावलाशी." मग पुन्हा धून. पुन्हा पावलाशी. पाव तास नुसती पावलं. उत्तराबाईंचा आवाज आलाच नाही.

ढुंढिराजांनी रेडिओला चापट मारली. मग वर्षभरात केली नव्हती अशी घाई करत, सदरा उलटा घालून, ते केंद्रावर पोचले. दीपमाला नुकतं कुलूप काढत होती.

"काढलंत ना तिला?"

"काका, काय झालं?"

"तो शौनक! मामाची खोटी शपथ घेतली त्याने. मामालाच फोन लाव."

दीपमालाने कॉम्प्युटरवर यादी उघडून दाखवली. सगळी रेकॉर्डिंगं जागच्या जागी होती. एकही हललं नव्हतं.

"मग आज लावलं का नाहीस?"

"मी कुठे लावते काका?" दीपमाला म्हणाली. "तुम्हीच लावता ना?"

"मी?"

"घरून. काकूंच्या नावाने शिरून. मला तेच वाटायचं. म्हणून तर मी कधी विषय काढला नाही. असं कसं विचारायचं माणसाला?"

ढुंढिराज खुर्चीवर बसले. "मला वाटायचं तू लावतेस," ते म्हणाले. "म्हणून मीही कधी..."

दीपमालाने दिवसभराच्या कार्यक्रमांचा तक्ता पुढे ओढला. मग दीपमाला म्हणाली, "नऊला लावू का? जागा आहे."

"नऊला?" ढुंढिराज उसळले. "नऊला बोलायला ती काय बातम्या आहे?"

घरी आल्यावरही राग उतरेना. वर्षभर कुणीतरी परका माणूस त्यांच्या बायकोच्या नावाने रोज आत शिरत होता. वाईट हे, की त्यानेच रोज तिचा आवाज लावला होता. आता त्याच्यावर चिडायचं की त्याला शोधून चहा पाजायचा, हेच कळेना. दुपारी योगिनी जेवायला आली. सोबत दिनेशही आला, कारण स्वयंपाकाच्या बाईंनी तळलेल्या वड्यांचा वास त्याच्यापर्यंत गेला होता. ढुंढिराजांनी सगळं सांगितलं.

"मी म्हटलं नव्हतं?" दिनेश वडा मोडत म्हणाला. "आतलाच माणूस. घरभेदी. असल्यांना ना, सोडायचं नाही. पोलिसात द्या."

योगिनीने हातातला वडा ताटात ठेवला. "द्या," ती म्हणाली. "पण आधी जेवू द्या. काका, मीच ती."

दिनेशचा घास तोंडातच राहिला.

"मी एकटी नाही. सोमवारी आणि गुरुवारी मी, बाकीचे दिवस पिंपळगावच्या कुसाबाई. टोमॅटोच्या पॅकहाउसवर बायांच्या मुकादम आहेत. त्या सगळ्या बाया कामाला लागताना मोबाइलवर काकूंना ऐकायच्या, कुसाबाई तर दवाखान्यात भेटायलाही यायच्या, तुम्ही जेवायला घरी गेलात की. काकूंनी तिथेच आम्हाला पासवर्ड दिला."

"तू रोज सव्वासहाला मोबाइल घेऊन बसायचीस ते हे?" दिनेशला आता आवाज फुटला. "मला म्हणालीस योगासनं करते!"

"सोमवार आणि गुरुवार म्हणाले. तुम्हीच रोज समजलात."

"पण पासवर्ड दुसऱ्याला द्यायचा नसतो," ढुंढिराज कसेबसे म्हणाले.

"का नसतो? तुमच्या घराची किल्ली आमच्याकडे असते, आमची तुमच्याकडे. तसंच ते. काकू म्हणाल्या, मी गेल्यावर सकाळी यांच्या कानाशी कुणीतरी कटकट करायला हवी, नाहीतर हे चहा न घेताच बसून राहतील. आणि म्हणाल्या, यांना सांगू नका. यांना कळलं की हे नियम काढतील." योगिनीने वडा परत उचलला. "काढलेत."

 ढुंढिराजांनी तिला खीर वाढली. मग आणखी वाढली.

एवढ्यात खाली टेम्पो थांबला आणि जिन्यावर पावलं वाजली. एक उंच, काटक बाई पदर खोचून दारात उभी राहिली.

"रेडिओचे सेक्रेटरी हितंच ऱ्हात्यात का?"

"मीच तो."

"आमच्या ताईला कोनी काढलं? सकाळपासून बाया कामाला लागंनात. नुस्ती टिंगटिंग वाजतीया. त्या रेडिओवर इचारलं तर ती पोरगी म्हन्ली, सेक्रेटरीनं बटन दाबलं. तुमाला काय घरदार, बायकापोरं हायेत का नाय?"

"बाई," ढुंढिराज म्हणाले, "मी तिचा नवरा."

कुसाबाईंनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. उलटा सदराही पाहिला. "म्हंजी ते झाकनवाले?"

दिनेश तोंड फिरवून हसला. ढुंढिराजांनी मान ताठ ठेवून विचारलं, "पान वाढू का?"

"जेवते. पन भांडान मिटलं असं समजू नका."

संध्याकाळी ढुंढिराजांनी सभा बोलावली. दोन्ही बायकांना स्वतःच्या नावाने आत यायची सोय द्यावी, एवढंच मागणं. शास्त्रीबुवांनी हात वर केला. पिंपळगाव हे केंद्राच्या हद्दीबाहेर. बायका सभासद नाहीत. सुरक्षेचा प्रश्न. आणि मुख्य म्हणजे पासवर्ड वाटायचा नाही, कोणतीही सबब चालणार नाही, हा नियम सचिवांचाच.

"माझाच," ढुंढिराज म्हणाले. "आणि मी तो पाळणार. यांचा पासवर्ड यांचाच, त्यांचा त्यांचाच. आता माझ्या नियमात पिंपळगावच्या बायका चालत नाहीत, असं कुठे लिहिलंय ते दाखवा."

शास्त्रीबुवांनी नियम मागवून वाचला. तसं कुठेच नव्हतं. एका हेडक्लार्कने केलेला नियम होता तो, त्यात फट सापडणं शक्य नव्हतं आणि नको तो अडथळाही.

"आणि शास्त्रीबुवा, वर्षभर या बायका रोज आत येत होत्या. एक तरी चुकीचं गाणं लागलं का? तुमचा संयम मोडला तो चहावाल्याला पाठ असलेल्या पासवर्डने. तो कुणी ठरवला होता? एकशे आठ हा आकडा कुणाचा?"

शास्त्रीबुवा खोकले. आकडा त्यांचाच होता. शौनकला पुण्याला फोन लावला गेला. त्याने अट घातली, की बायकांना त्या एकाच कार्यक्रमापुरतं आत येता येईल, आणि त्या आत येताना दर वेळी सचिवांच्या मोबाइलवर परवानगी मागितली जाईल.

"रोज? सव्वासहाला?" ढुंढिराज म्हणाले. "मी काय दरवान आहे?"

"मग नको का काका?"

"नको कोण म्हणालं? विचारतोय फक्त."

दुसऱ्या दिवशी ते ओट्याशी बसून वाट बघत होते. मोबाइल वाजला. कुसाबाई, पिंपळगाव, आत येऊ द्यायचं का? चष्मा सापडेना. अंदाजाने बोट ठेवलं ते 'नाही'वर पडलं. लगेच फोन आला.

"आवं, तोंडावर दार लावलं का काय? बाया उभ्या हायेत हितं!"

"थांबा हो. चष्मा शोधतोय. परत करा."

परत विचारणा आली. या वेळी त्यांनी डोळे बारीक करून, नीट वाचून 'हो' दाबलं. धून वाजली, आणि मग सहज बाजूच्या खोलीतून यावा तसा आवाज आला. "उठलात का? चहा टाकलाय. आज सांगते ते दारावर आलेल्या माणसाबद्दल. आमच्याकडचे ना, बेल वाजली की आधी भोकातून बघतात. मग विचारतात कोण. मग विचारतात काय काम. पाहुणा घरी जाऊन परत येतो, तोवर यांची कडी निघत नाही..."

"साफ खोटं!" ढुंढिराज रेडिओला म्हणाले. पाव तास ते तिला मध्येमध्ये अडवत राहिले. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी तडक पिंपळगावला फोन लावला.

"तुम्ही हे मुद्दाम लावलंत."

"मंग? आमी रोज निवडूनच लावतो. तुमी काय समजला, आपोआप लागतं?"

ढुंढिराज परत स्टुलावर बसले. गेल्या थंडीत त्यांना खोकला धरला होता, तेव्हा ओळीने काढ्याचंच लागत होतं. ते चिडले होते, की दुसरं काही नाही का यांच्याकडे. योगिनीला भिंतीतून खोकला ऐकू जातो. पाडव्याला ते दिवसभर घराबाहेर पडले नव्हते, तेव्हा उत्तराबाईंनी सकाळीच बजावलं होतं, की सणाला माणसाने चार घरी जाऊन यावं. ते रागारागाने चार घरी जाऊन आले होते.

"सेक्रेटरी, हायेत का गेले?"

"आहे," ते म्हणाले. घसा साफ करून, सचिवाला शोभेल अशा आवाजात पुढे म्हणाले, "कुसाबाई, तुम्ही निवडता ते ठीक आहे. पण उद्या तरी माझी जरा अब्रू राखणारं एखादं लावा."

पलीकडे कुसाबाईंनी बायांना काहीतरी विचारलं. सगळ्या हसल्याचा आवाज आला.

"तसलं एक बी नाय वो त्यात," कुसाबाई म्हणाल्या. "समदी ऐकून बघितली आमी."